टॅब्लेटवरच्या मोजमापाच्या खेळात पैकीच्या पैकी, पण पाट मोजता येत नाही

दांडियाबाजारकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्यात राहतो आणि माझी मुलगी यंदा पहिलीत आहे. तिच्या टॅब्लेटवर मोजमाप शिकवणारा एक खेळ आहे. पडद्यावर पेन्सिल, सुरवंट किंवा आगगाडी दिसते, तिच्याखाली रंगीत ठोकळे ओढून लावायचे, ते मोजायचे आणि योग्य आकड्यावर बोट ठेवायचे. तिने सगळ्या पातळ्या केव्हाच पूर्ण केल्या आहेत आणि प्रत्येक पातळीवर तिला तिन्ही चांदण्या मिळालेल्या आहेत.

परवा मी तिला जेवणाचा पाट रिकाम्या काडेपेट्यांनी मोजायला सांगितला. तिने पहिल्या दोन पेट्यांमध्ये बोटभर जागा सोडली, तिसरी पेटी आडवी लावली, शेवटची पेटी अर्धी पाटाबाहेर लटकत असतानाही तीही मोजली, आणि उत्तर सांगितले सहा. पुन्हा मोजायला लावल्यावर पाच आले. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत असे तिचे म्हणणे असून त्यात तिला काहीही वावगे वाटत नाही.

हा खेळ बंद करावा, की दुसरा निवडावा? निवडायचा झाल्यास काय पाहून निवडावा? त्याच खेळात वजनाचे आणि पाणी मापण्याचेही भाग आहेत, त्यांचा कितपत उपयोग होतो?

बिंदूबिंदू यांचे उत्तर

मी मुलांसाठी शैक्षणिक खेळ तयार करण्याचे काम करतो, त्यामुळे आतली बाजू सांगू शकतो. आपण वर्णन केलेल्या खेळात ठोकळा वस्तूच्या जवळ नेला की तो आपोआप नेमक्या जागी चिकटतो, याला आम्ही स्नॅप होणे म्हणतो. लहान बोटांना पडद्यावर अचूक ठेवणे जमत नाही, ठोकळा जरासा सरकला की मूल वैतागते आणि खेळ सोडून देते, म्हणून ही सोय केलेली असते. तिचा परिणाम असा होतो की ठोकळे एका रेषेत ठेवणे, मध्ये फट न सोडणे, एकावर एक न चढवणे आणि एका टोकापासून सुरुवात करणे, म्हणजे मोजमापातला अवघड तेवढा भाग, प्रोग्रॅमच करून टाकतो आणि मुलाकडे फक्त मोजणी उरते. आपल्या मुलीला मोजणी उत्तम येते, हे त्या चांदण्यांवरून नक्की म्हणता येईल. त्यापलीकडे त्यांवरून काही ठरवू नये.

खेळ निवडताना पहिल्यांदा मोठ्यांनी स्वतः मुद्दाम चुकीचे खेळून पाहावे. दोन ठोकळ्यांत फट ठेवता येते का, लहान आणि मोठे ठोकळे एकत्र लावता येतात का, आणि तसे केल्यावर पुढे काय होते, हे तपासावे. नुसती लाल फुली येऊन आवाज होत असेल तर मुलाला काहीच कळत नाही. त्याऐवजी त्या चुकीच्या मापाने बांधलेला पूल नदीच्या अलीकडेच संपत असेल आणि गाडी थांबत असेल, तर तो खेळ ठेवण्यासारखा आहे.

आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. पडद्यावरचा सेंटिमीटर बहुधा खरा सेंटिमीटर नसतो. पडद्यावर किती बिंदू आहेत हे प्रोग्रॅमला कळते, पण एक बिंदू प्रत्यक्षात किती रुंद आहे हे यंत्रागणिक बदलते, शिवाय बहुतेक खेळ चित्रे पडद्यात मावतील तशी लहानमोठी करतात. तीच पट्टी फोनवर आखूड आणि टॅब्लेटवर लांब दिसते. शंका असल्यास शाळेची फूटपट्टी पडद्याला लावून पाहावी.

बालवाडीच्या बाई यांचे उत्तर

वरील मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु खेळ सुधारला म्हणजे प्रश्न सुटला असे मला वाटत नाही. दोन वेगवेगळी उत्तरे एकाच वेळी खरी वाटणे हे त्या वयाला धरूनच आहे. पसरट वाटीतले पाणी मुलांच्या डोळ्यांदेखत उंच, अरुंद पेल्यात ओतले तर ते वाढले असे ती सांगतात, हे स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी दाखवून दिले होते आणि साधारण सातव्या वर्षाच्या आसपास पाणी तेवढेच राहते ही समज पक्की होऊ लागते. तेव्हा मुलीला टोकू नये. पाट तोच असताना उत्तरे दोन कशी आली, एवढेच विचारावे आणि तिला विचार करू द्यावा.

लांबीच्या बाबतीत आमच्या वर्गात क्रम ठरलेला असे. आधी दोन वस्तू शेजारी ठेवून तुलना, मग जागेवरून हलवता न येणाऱ्या वस्तूंसाठी दोरी, त्यानंतर वीत, पाऊल किंवा काडेपेटी, आणि सर्वांत शेवटी फूटपट्टी. मुलीच्या वितीने दार मोजावे, मग बाबांच्या वितीने मोजावे. आकडा कमी आला म्हणून दार लहान झाले का, या प्रश्नावर मुले जो वाद घालतात तो ऐकण्यासारखा असतो. मोठ्या मापाने मोजले की आकडा लहान येतो, हे त्या वादातूनच उमगते.

१९२६ मध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ सुरू केला, तेव्हापासून गुजराती आणि मराठी बालशिक्षणात माँटेसरींची साधने परिचित आहेत. त्यांतल्या लाल दांड्या १० सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत दहा-दहाने वाढत जातात. सर्वांत मोठी दांडी उचलताना मुलाला दोन्ही हात पसरावे लागतात, म्हणजे आकडा माहीत होण्याआधी लांबी अंगाला कळते.

वजनाचा भाग तर मी टॅब्लेटवर खेळूच देणार नाही. चित्रात मोठे दिसेल ते मूल जड समजते. उशी मोठी की वरवंटा जड, हे हातात घेतल्याशिवाय कसे समजावे? पूर्वी भाजी घ्यायला नेले तरी तागडीचे पारडे खाली जाताना दिसत असे. आता खंडेराव मार्केटमध्येही इलेक्ट्रॉनिक काटाच अधिक दिसतो आणि त्यावर फक्त आकडा उमटतो. घरी हँगर आणि दोन पिशव्या यांचा तराजू करता येतो. पाणी मापायचे ते न्हाणीघरात, तांब्या आणि बादली घेऊन.

रावपुऱ्यातील एक बाबा यांचे उत्तर

बाई, फूटपट्टी सर्वांत शेवटी द्यावी हे मला पटत नाही. माझ्या मुलाला दादाच्या कंपासपेटीतली पट्टीच हवी असते, आणि ती हातात मिळाली की तो काडेपेट्यांपेक्षा अधिक मन लावून मोजतो. दोन्ही साधने शेजारी ठेवली तर काय बिघडते? मात्र पट्टी वाचता आली म्हणजे मोजता आले असे नाही, हे मान्य. पेन्सिलीचे एक टोक २ वर आणि दुसरे ७ वर ठेवून लांबी विचारावी. उत्तर ७ आले तर मूल फक्त शेवटचा आकडा वाचते आहे, आणि ६ आले तर ते मधली अंतरे न मोजता रेघा मोजते आहे.

घड्याळाच्या बाबतीत मात्र टॅब्लेट सरस ठरतो, कारण मोठा काटा फिरवला की लहान काटा किती सरकतो हे त्यावर हवे तितक्या वेळा पाहता येते आणि खरे घड्याळ मोडत नाही. वेळेचे भान मात्र ठेवावे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या २०२१ च्या सूचनांप्रमाणे पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा एकूण स्क्रीनचा वेळ दिवसाला दोन तासांच्या आत असावा, आणि त्यात कार्टूनही धरायचे असते.

दांडियाबाजारकर

सर्वांचे आभार. पेन्सिलीचा प्रश्न लगेच विचारला. उत्तर ७ आले. वजन आणि पाणी हे भाग काढून टाकते आहे. बिंदूबिंदू, आहे त्याच खेळात ते चिकटणे बंद करता येते का?

बिंदूबिंदू

काही खेळांत पालकांसाठीच्या सेटिंगमध्ये ‘मदत’ किंवा ‘सोपी पातळी’ असा पर्याय असतो, तो बंद करून पाहावा. तसा पर्याय नसल्यास पडद्यावरचे ठोकळे वापरूच नयेत. सुरवंटाचे चित्र स्थिर ठेवून टॅब्लेट टेबलावर आडवा ठेवावा आणि काचेवर खरे राजमा किंवा शर्टाची सारखी बटणे मांडून तिला तो मोजायला सांगावा. राजम्याचे दाणे लहानमोठे असल्याने उत्तर दर वेळी बदलेल, बटणांनी बदलणार नाही. त्यामुळे आधी राजमा द्यावा. काचेला हात लागून चित्र हलू नये म्हणून त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून तो उघडून ठेवणे सोयीचे पडते.