थंडी, नाटक आणि वाचनालय : घरच्या आठवणी सांगा

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणलं, त्याची आठवण. थंडीची चाहूल लागते तीही याच सुमाराला, आणि वाचनालयांतून दिवाळी अंकांची योजना सुरू होते तीही. म्हणून हा धागा. थंडीच्या दिवसांत घरच्यांबरोबर पाहिलेलं नाटक, आणलेली पुस्तकं, जे आठवेल ते लिहा.

सुरुवात मी करतो. अंक आणायचं काम बाबांचं. एका वेळी दोनच मिळायचे आणि घरात वाचणारे पाच. जेवणं झाली की आजी गोधडीत शिरून पहिला अंक स्वतःकडे ठेवायची. तिची नजर अधू, तिला वेळ लागायचा, म्हणून कुणी हरकत घेत नसे. बाबा गेले, तरी मी त्यांचं सभासदत्व चालू ठेवलं आहे. मागच्या डिसेंबरात एक जुनी कादंबरी आणली. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी, जांभळ्या शाईचे पुसट शिक्के, आणि त्यांत आमचाच सभासद क्रमांक. जानेवारी १९९४. बाबांनी हेच पुस्तक हातात धरलं होतं. मी दोनदा मुदत वाढवून घेतली.

* * *

आमचं माहेर झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यातलं, वडसा-देसाईगंजच्या बाजूचं. आमच्याकडे थंडी म्हणजेच नाटक. धान निघालं, हातात चार पैसे आले, की दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, आणि शंकरपट सुरू होतात. दिवसा बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, असं थेट होळीपर्यंत. गावात मंडई असली की घरोघरी पाहुणे. आमच्या ओसरीवर पंधरा-वीस माणसं सहज असायची, आणि आई पहाटेपासून चुलीपुढे.

नाटक रात्री दहाच्या पुढे उभं राहायचं ते उजाडेपर्यंत. आम्ही संध्याकाळीच तणस टाकून, वर सतरंजी पसरून जागा धरायचो. मोठीआई डोक्यावरून शाल घेऊन मधोमध, आम्ही पोरं तिच्या दोन्ही बाजूंना. तबला-ऑर्गन वाजला की झोपलेली पोरं उठून बसत. एका नाटकात सासरहून हाकललेली मुलगी माहेरच्या दारात उभी राहते, असा प्रसंग होता. मोठीआईने शालीच्या टोकाने डोळे पुसले आणि माझा हात घट्ट धरला, तो पडदा पडेपर्यंत सोडला नाही. तिच्या स्वतःच्या आयुष्यात काय घडलं होतं ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

२०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा ती नव्हती. फार वाटलं, असायला हवी होती.

* * *

आजोबा रोज सकाळी कानटोपी घालून मोफत वाचन कक्षात जात. पूर्वेच्या खिडकीखालची खुर्ची त्यांची, कारण तिथे ऊन यायचं. मला शेजारी बसवून अग्रलेख हळू आवाजात वाचून दाखवत. मला त्यातलं काहीच कळायचं नाही, पण मी मुकाट्याने ऐकायचे.

* * *

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुधा ऐन थंडीतच. ऑफिस सुटलं की तालीम, घरी यायला मध्यरात्र. बायको जागी असायची. चिडायची, मग वही हातात घेऊन समोरच्या पात्राची वाक्यं म्हणायची. माझं पाठांतर तिनेच करून घेतलं. प्रयोगाला हॉल अर्धा रिकामा होता. तिसरी घंटा झाली आणि मी विंगेतून आधी तिला शोधलं. चौथ्या रांगेत, मांडीवर झोपलेली लेक, तिच्या अंगावर माझा स्वेटर.

* * *

मी ग्रंथपाल आहे, तालुक्याच्या गावी. सगळ्यात वर चिठ्ठीबद्दल वाचलं म्हणून लिहितेय. आमच्याकडे आता नोंदी संगणकावर होतात, पण जुन्या चिठ्ठ्या मी फाडू देत नाही. पान सुटलं तर खळ लावून परत चिकटवते. देवघेवीची जुनी रजिस्टरंही ठेवली आहेत. आमचे सभासद असाल तर आईवडिलांचा क्रमांक घेऊन या. दुपारी तीननंतर गर्दी नसते, शोधून देईन.