हाताने काढलेलं कॉमिक पाच महिने बंद आहे. भिजलेली पानं पुन्हा काढू की पुढे जाऊ?

खाडीकाठ (ऐरोली)

मोठं लिहितेय. थोडक्यात विचारलं की "आवड असेल तर चालू ठेवा" एवढंच उत्तर येतं आणि त्याने माझं काम होत नाही.

माहेर ऐरोलीतलंच, दिवागाव. लग्नानंतर सेक्टर बदलला, खाडी तीच. नोकरी महापेला, अकाउंट्समध्ये. गेल्या वर्षी मे महिन्यात मी 'निवटीचे डोले' नावाचं कॉमिक काढायला घेतलं. दर शुक्रवारी रात्री इंस्टाग्रामवर एक पान, सहा चौकटी, दोन-दोनच्या तीन ओळी. ए-फोर कार्ट्रिज कागद, आधी पेन्सिल, मग टाक आणि शाई. पात्रं दोनच: माझी आजी आणि एक निवटी.

ज्यांनी निवटी पाहिली नाही त्यांच्यासाठी: ओहोटीला चिखलावर पुढच्या परांनी रांगत चालणारा हा मासा. डोळे बेडकासारखे डोक्याच्या वर. उन्हाने कोरडे पडले की ती ते खोबणीत आत ओढते, ओले करते आणि पुन्हा वर काढते. डोळे आत गेलेले असताना डोक्यावर नुसत्या दोन सुरकुत्या दिसतात. तो क्षण मला सतराव्या की अठराव्या प्रयत्नात कागदावर पकडता आला आणि त्याच रात्री मी ठरवलं की हे दर आठवड्याला करायचं.

आजी आमच्या बोलीत बोलते. "पानी कवर चरलंय तं बग गो." चढलंयचं चरलंय, गाडीची गारी. ती तरुणपणी ओहोटीला तिवरांमध्ये शिरून चिंबोऱ्या पकडायची. भरती कधी फिरेल हे तिला पाण्याच्या वासावरून कळायचं, असं ती सांगते. कॉमिकमध्ये ती हे सगळं निवटीला शिकवते, आणि निवटीला ते आधीपासूनच येत असतं.

जुलैपर्यंत ६२ पानं झाली. एकही शुक्रवार चुकला नाही. मग दोन दिवस गावाला गेलो असताना स्लॅब गळला. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. पानं माळ्यावर दोन प्लास्टिकच्या फाइलींत उभी ठेवली होती, पाण्यापासून जपायची म्हणूनच प्लास्टिक. वरून पाणी आत गेलं आणि खालून निघेना. फायलींची पिशवी झाली आणि पानं चार बोटं पाण्यात उभी राहिली.

३२ ते ६२ फक्त वाकडी झाली, कारण तोवर मी वॉटरप्रूफ इंडियन इंक घेतली होती. पहिली ३१ पानं साध्या काळ्या शाईने काढलेली. त्यांची खालची ओळ पूर्ण गेली. कागदावर जांभळट ढग राहिलाय. वरच्या दोन ओळी बऱ्याचशा शाबूत आहेत, म्हणजे आजीचे चेहरे राहिले आणि चिखल गेला. निवटी बहुतेक सगळी खालच्या ओळीत असते, ती गेली.

त्या ३१ पानांचं स्कॅन नाही. तेव्हा मी मोबाइलने फोटो काढून टाकायचे आणि मोबाइल भरला की मूळ फोटो पुसायचे. इंस्टाग्रामवरची १०८० पिक्सेल रुंदीची प्रत तेवढी आहे.

ऑगस्टमध्ये एक पान पुन्हा काढून बघितलं. सहा तास लागले आणि त्यातच मनगट धरलं. डॉक्टर म्हणाले, अंगठ्याच्या कंडरेला सूज आहे. तीन आठवडे पट्टा होता. आता दुखत नाही, पण तासभर टाक धरला की आठवण करून देतं. ३१ पानं गुणिले सहा तास म्हणजे १८६ तास. रोज एक तास बसले तरी सहा महिने, आणि तेवढा वेळ नवीन काहीच नाही.

भाऊ म्हणतो टॅब्लेट घे. माझा त्याला विरोध नाही, पण टाक कागदावर अडखळतो तिथे आजीच्या हाताची शीर उमटते. ते मला काचेवर जमत नाही.

तर प्रश्न: आधी जुनं भरून काढू, की ६३वं पान काढून पुढे जाऊ? पुढे कधी याचं पुस्तक करावं असं मनात आहे, म्हणून पहिली ३१ सोडवत नाहीत.

टीपकागद (नौपाडा, ठाणे)

ताई, मी छापखान्यात ३४ वर्षं काढली, त्यातली सुरुवातीची वर्षं ब्लॉक विभागात, म्हणजे चित्रं छापायचे धातूचे ठसे बनवायचे तिथे. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं.

आधी कागदाचं. पानांवर काळे-हिरवे ठिपके आले असतील तर ती बुरशी आहे. तोंडाला फडकं बांधून, घराबाहेर, मऊ ब्रशने झाडा, आणि पान पूर्ण कोरडं असतानाच. ओलं पुसलं की बुरशी कागदात शिरते. वाकडी झालेली पानं इस्त्रीने सरळ करू नका. दोन टीपकागदांमध्ये घालून वर सपाट फळी आणि वजन ठेवा, आठ-दहा दिवस. पुढे कधी असं झालं आणि दोन दिवसांत सगळं सुकवणं शक्य नसेल, तर भिजलेली पानं पिशवीत घालून सरळ डीप फ्रीजमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. मग सवडीने थोडी थोडी काढून सुकवता येतात.

शाईचं कारण तुम्हाला कळलेलंच आहे, तरी सांगतो. पेनच्या शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो, पाणी आलं की तो पाण्याबरोबर चालू लागतो. इंडियन इंक म्हणजे काजळी, आणि वॉटरप्रूफमध्ये लाख असते. लाख सुकली की पाणी तिला सोडवू शकत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही ३१ पानांचा हिशेब करताय. गेल्या आहेत फक्त खालच्या ओळी, पानाला दोन चौकटी, म्हणजे एकूण ६२. तुमच्याच वेगाने चौकटीला एक तास. १८६चे ६२ तास झाले.

आम्ही काय करायचो ते सांगतो. चित्रकाराने चित्र दिलं आणि त्यात एक चेहरा चुकलेला असला तर कोणी अख्खं चित्र परत मागवत नसे. तेवढ्या तुकड्याचं नवं चित्र काढून वर चिकटवायचं. जस्ताच्या लाइन ब्लॉकला फक्त काळं आणि पांढरं दिसायचं, करडं काही नाही, त्यामुळे जोड छापून येत नसे. तुमचं कामही शुद्ध काळ्या रेघेचं आहे, म्हणून हे तुम्हाला जमेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीमधली जी मोकळी पांढरी पट्टी असते, तिच्या बरोबर मधून कापा. चौकटीच्या रेघेवर कापू नका. त्याच जाडीच्या कागदावर नवी ओळ काढा, मागून पातळ कागदाची पट्टी लावून जोडा. चिकटवायला गव्हाची पातळ खळ. आमच्याकडे रबर सोल्युशन असायचं, पण ते काही वर्षांनी पिवळं पडतं आणि डाग पुढे येतो. कापलेला डागाळलेला भाग टाकू नका, वेगळ्या पाकिटात ठेवा.

ठाण्यात आलात तर मराठी ग्रंथसंग्रहालयात जुने दिवाळी अंक चाळा. संस्था १८९३ सालची आहे. पिवळ्या, ठिसूळ कागदावरही ब्लॉकने छापलेली व्यंगचित्रं किती ठसठशीत राहिलीत ते बघा. काळ्या रेघेचं आयुष्य मोठं असतं.

पारसिकच्या पायथ्याशी (कळवा)

मला चित्रकलेतलं काही कळत नाही, मी वाचणारा आहे. माझी आई खारेगावची, वय ७१. तिला हे मीच पहिल्यांदा दाखवलं. तिने मोबाइलवर "गारी" हा शब्द छापलेला आयुष्यात पहिल्यांदा बघितला आणि मोठ्याने वाचला. मग प्रत्येक शुक्रवारी जेवल्यावर विचारायची, "आयलं का?" जुलैनंतर पाच-सहा आठवडे विचारत होती, नंतर थांबली.

जुन्या पानांचं तुमचं तुम्ही ठरवा. एक तक्रार मात्र तिच्या वतीने: अक्षर फार बारीक आहे. ती दोन बोटांनी पान मोठं करते, मग चित्र बाहेर जातं, मग परत लहान करते. आजीचं बोलणं आणि आजीचा चेहरा तिला एकदम दिसत नाही.

रात्रपाळी (रबाळे)

ताई, मीही वेबकॉमिक काढतो, तीनदा बंद पडून चौथ्यांदा चालू आहे. माझं मत सरळ आहे: ६३ आधी. जुन्या पानांना नव्या ओळी जोडायचे पॅच रविवारी.

पहिली ३१ आत्ता ऑनलाइन दिसतायत, वाचकाच्या दृष्टीने ती हरवलेलीच नाहीत. ती फक्त पुस्तकासाठी हरवलीत. १०८० पिक्सेल म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम ९ सेंटिमीटर रुंद छपाई, पोस्टकार्डापेक्षाही लहान. पुस्तक उद्या नाही, शुक्रवार उद्या आहे.

स्कॅन आजपासून ६०० डीपीआय, ग्रेस्केल म्हणजे करड्या छटांत. ए-फोरचं एक पान साधारण ३५ एमबी होतं, घाबरू नका, सगळी ६२ मिळून सव्वादोन जीबीच्या आत बसतात. त्या तीन प्रती ठेवा: एक लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा भावाकडे. ३२ ते ६२ पण पुन्हा स्कॅन करा, माळ्यावर परत चढवायच्या आधी. कृता किंवा गिंप ही चित्रांची सॉफ्टवेअर फुकट आहेत. त्यांतल्या लेव्हल्समध्ये, म्हणजे काळं-पांढरं कमीजास्त करायच्या सोयीत, पांढरं थोडं आत ओढलं की काकांनी सांगितलेल्या जोडाची सावलीही जाते.

अक्षराबद्दल कळव्याच्या दादांचं अगदी बरोबर आहे. ए-फोर २१ सेंटिमीटर रुंद, मोबाइलचा पडदा साधारण ७. म्हणजे सगळं तिसरा हिस्सा होतं. कागदावर ५ मिलीमीटरचं अक्षर मोबाइलवर दोनपेक्षाही कमी. आणि आपल्या लिपीला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. आधी अक्षरं लिहा, मग त्यांच्याभोवती फुगा काढा. फुगा आधी काढला की शेवटचा शब्द दर वेळी चेंगरतो.

आणि सहा चौकटी कशासाठी? दोन करा. मनगटालाही बरं, अक्षरालाही. चालू करण्याआधी चार पानं हातात तयार ठेवा. मी पहिल्या तिन्ही वेळा शिल्लक शून्य असतानाच बंद पडलो. एकदा ताप, एकदा ऑडिट, एकदा घर बदललं. कॅल्विन अँड हॉब्स हे अमेरिकन वर्तमानपत्रांतलं कॉमिक १९८५ ते १९९५ चाललं, त्यात ते काढणाऱ्या वॉटरसनने नऊ-नऊ महिन्यांच्या दोन सुट्ट्या घेतल्या आणि त्या काळात वर्तमानपत्रांनी जुन्या पट्ट्या पुन्हा छापल्या. वाचक कुठे गेले नाहीत. तुमच्याकडे ३१ पानं चांगल्या अवस्थेत आहेत, नवीन जमलं नाही त्या शुक्रवारी त्यातलं एक टाका.

चौकट-बाहेर (नेरुळ)

मी सगळ्यांच्या विरुद्ध बोलते. पहिली ३१ सगळीच्या सगळी पुन्हा काढा, हळूहळू का होईना. तुमचा हात पन्नाशीनंतरच्या पानांत खूप सुधारलाय, पहिल्या पानांत आजीची मान कधी लांब, कधी आखूड होते. पुस्तकात ते खटकेल. किंवा मग भिजलेली पानं तशीच छापा, जांभळ्या डागांसकट. खाडीचंच पाणी चढलंय असं दिसेल.

खाडीकाठ (ऐरोली)

सगळ्यांचे आभार. दोन आठवडे गप्प होते, कारण करून बघत होते.

नेरुळच्या ताई, डाग छापायला मन घेत नाही. ते खाडीचं पाणी नाही, स्लॅबचं आहे. आजीच्या पायाशी मला चिखलच हवा. आणि पूर्ण पानं पुन्हा काढणार नाही. मान लांब-आखूड होते हे मलाही दिसतं. पण त्यातले बरेचसे हात मी आजी समोर जवळा निवडत बसलेली असताना काढलेत. ती आता थळला मामाकडे असते. त्या बोटांची ठेवण मनाने काढायला गेले तर ते कुठल्यातरी म्हातारीचे हात होतील. वरच्या ओळी आहेत तशाच राहणार.

काका, सातव्या पानाला तुमच्या पद्धतीने पट्टी जोडली. पहिली खळ दाट झाली, कागद सुरकुतला, सोडवून परत केली. दुसऱ्यांदा बसली. बोट फिरवलं की जोड लागतो, स्कॅनमध्ये दिसत नाही. नव्या ओळीतली रेघ थोडी जाड आलीय, कारण टाकाला मी सुती कापडाची पट्टी गुंडाळलीय, अंगठ्यावर जोर कमी येतो. ती जाड रेघ मी राहू देणार आहे. रोज ४० मिनिटं, घड्याळ लावून, मग टाक खाली. माळा रिकामा केलाय. पानं आता हॉलच्या कपाटात आडवी ठेवलीत, कापडात गुंडाळून.

स्कॅन झाले. एक प्रत भावाकडे दिली. टॅब्लेटचं त्याने यावेळी काढलं नाही.

चार पानं तयार आहेत, दोन-दोन चौकटींची. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आलेत खाडीत. ठाण्याहून येताना पुलावरून गाडी हळू झाली की दिसतात, मान खाली, चोच उलटी करून चिखल गाळत असलेले. ६३व्या भागात निवटी आजीला विचारते, हे एवढे मोठे पाहुणे डोकं उलटं करून का जेवतात. आजी काय म्हणते ते शुक्रवारी.

कळव्याच्या दादा, अक्षर आठ मिलीमीटर केलंय. तुमच्या आईला दाखवा, आणि तिला बोटं लावावी लागली तर मला कळवा.