बाहेरचं तापमान कायम उणे ४० दाखवतंय

प्रश्न: जुनी गाडी आहे. डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान उणे ४० दिसतं, मधूनच बरोबर येतं. डिस्प्ले बदलावा का?

उत्तर: डिस्प्लेला इतक्यात हात लावू नका. तापमान मोजणारा सेन्सर एनटीसी थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमानानुसार रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध) बदलणारा भाग; थंडीत त्याचा रेझिस्टन्स वाढतो. वायर तुटली की तो अनंत होतो आणि सेन्सर वाचणारं गाडीचं कंट्रोल मॉड्यूल टोकाची थंडी समजतं. सेन्सर बहुधा पुढच्या बंपरच्या जाळीमागे असतो, काही गाड्यांत आरशात. कनेक्टर काढून इग्निशन चालू करा आणि सेन्सरकडच्या दोन्ही वायरी क्षणभर एकमेकींना जोडा. आकडा वर उसळला तर वायरिंग ठीक, सेन्सर किंवा कनेक्टर खराब.

उत्तर २: मधूनच बरोबर येतं, म्हणजे माझा संशय कनेक्टरवर. पिनांवर हिरवा गंज दिसेल. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिना घट्ट करा, थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, ओल रोखणारं) लावा. सेन्सर मुठीत धरून मल्टिमीटरवर रेझिस्टन्स बघा. तो सलग उतरायला हवा, उड्या मारत असेल तर सेन्सर बदला.

उत्तर ३: सेन्सर बदलल्यावर आकडा लगेच सुधारला नाही तर घाबरू नका. इंजिनच्या उष्णतेने फसू नये म्हणून बऱ्याच गाड्या उभ्या असताना वाढलेला आकडा दाखवत नाहीत. थोडं अंतर चालवून मगच ठरवा.