समुद्रकाकडीची रोगप्रतिकारशक्ती आणि यीस्टमधील बीटा-ग्लुकन : सांगलीत राहून काय अभ्यासता येईल?

प्रश्न (पदव्युत्तर विद्यार्थिनी, प्राणिशास्त्र, मिरज) :
नमस्कार. चीनच्या शानडोंग आणि लिआओनिंग प्रांतांत समुद्रकाकडी या मऊ, लांबट सागरी प्राण्याची मोठी शेती होते. कातडीवर व्रण पडून तेथील प्राणी दगावतात आणि त्यावर उपाय म्हणून खाद्यातून बीटा-ग्लुकन (यीस्टसारख्या बुरशींच्या पेशीभित्तिकेतील एक बहुशर्करा) देण्याचे प्रयोग झाले आहेत, असे माझ्या वाचनात आले. आपल्या भागातील साखर कारखान्यांच्या आसवनींत (डिस्टिलरींत) मळीच्या किण्वनानंतर यीस्ट उरते. त्याचा असा उपयोग होऊ शकेल का? आणि ते दिल्यावर प्राण्याला लसीसारखे दीर्घकाळ संरक्षण मिळते का? या विषयावर प्रकल्प करण्याची माझी मनापासून इच्छा आहे.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, सांगली) :
लसीची कल्पना आधी बाजूला ठेवावी लागेल. लस ज्यांवर अवलंबून असते ती प्रतिपिंडे (अँटिबॉडी) समुद्रकाकडीत तयार होत नाहीत. तिच्या देहगुहेतील (शरीरातील पोकळीतील) द्रवात फिरणाऱ्या पेशी, म्हणजे सीलोमोसाइट, जंतूंना गिळतात आणि त्यांच्या जोडीला लायसोझाइमसारखी विकरे (एन्झाइम) काम करतात. बीटा-ग्लुकन हा बुरशीच्या पेशीभित्तिकेचा घटक असल्यामुळे शरीर त्याला परके म्हणून ओळखते आणि जंतू प्रत्यक्ष येण्याआधीच या पेशी सज्ज होतात. मात्र ही सज्जता काही काळच टिकते. सतत आणि जास्त मात्रेत दिल्यास प्रतिसाद उलट मंदावतो, हे कोळंबी व माशांच्या बाबतीतही दिसून आले आहे, त्यामुळे किती द्यावे याइतकाच केव्हा थांबावे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

चीनमध्ये वाढवली जाणारी जात थंड पाण्यातली आहे. उन्हाळ्यात पाणी तापले की ती ग्रीष्मनिद्रेत जाते, खाणे थांबवते आणि तिचे आतडे आक्रसते. त्या काळात खाद्यात काहीही मिसळले तरी ते पोटात जाणार नाही, म्हणून बीटा-ग्लुकन द्यायचे ते त्याआधीच द्यावे लागते.

आसवनीतील यीस्टबद्दल आपला विचार योग्य दिशेने आहे, पण एक अडचण आहे. यीस्टच्या भित्तिकेवर मॅनोप्रोटीनचा (शर्करा जोडलेल्या प्रथिनांचा) बाहेरचा थर असतो आणि ग्लुकन त्याच्या आत झाकलेले राहते, त्यामुळे नुसते वाळवलेले यीस्ट आणि शुद्ध केलेले ग्लुकन यांचा परिणाम सारखा धरता येणार नाही.

उत्तर (मत्स्यशेती करणारे, वाळवा) :
ताईंनी कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. २००१ साली समुद्रकाकडीचा समावेश वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत झाला. परवानगीशिवाय हा प्राणी पकडणे किंवा बाळगणे गुन्हा आहे. आमच्याकडील क्षारपड जमिनीत ती वाढवता येईल का, असेही काही जण विचारतात; पण तिला शरीरातील क्षारांचे प्रमाण बाहेरच्या पाण्यापेक्षा वेगळे राखता येत नाही, आणि तिला लागते ते प्रति लिटर सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले समुद्राचे पाणी आपल्या निचऱ्याच्या पाण्यात कुठून मिळणार?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, सांगली) :
कायद्याचा मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच मी गांडूळ सुचवतो. गांडूळखताच्या वाफ्यातील आयसेनिया फेटिडा या जातीतही सीलोमोसाइट असतात आणि तिच्या देहद्रवातील एक प्रथिन बीटा-१,३-ग्लुकन ओळखते. ताणाखाली हे गांडूळ पाठीवरील छिद्रांतून द्रव सोडते, त्यामुळे त्याला न मारता पेशी मिळवता येतात. एका गटाला नेहमीचे खाद्य, दुसऱ्याला वाळवलेले यीस्ट, तिसऱ्याला शुद्ध ग्लुकन द्या, आणि ठरावीक दिवसांनी किती पेशी बाहेरचे कण गिळतात ते मोजा. मृत पेशींनाच रंगवणाऱ्या ट्रायपॅन ब्लू या रंगाने जिवंत पेशींची खात्री करून घ्या. द्रवात सापडणाऱ्या, आतड्याभोवतीच्या ऊतीतून आलेल्या पिवळसर क्लोरॅगोजन पेशी वेगळ्या मोजाव्यात. त्या जंतू गिळत नाहीत आणि एकत्र धरल्या तर टक्केवारी चुकीची येते. एप्रिल-मेमध्ये वाफे तापतात, म्हणून प्रयोग हिवाळ्यात उरकलेला बरा.

प्रश्नकर्ती :
सर, मनापासून आभार. तीन गटांबरोबर चौथा गटही ठेवीन, ज्यात ग्लुकन काही दिवस देऊन मग बंद करता येईल. सज्जता किती काळ टिकते हे त्यातूनच कळेल. आमच्या महाविद्यालयाच्या आवारात गांडूळखताचे वाफे आहेत, त्यामुळे दिवाळीनंतर लगेच सुरुवात करता येईल.