उत्तर: शफलबोर्ड आणि फ्लोरिडा

शफलबोर्डबद्दल (लांब काठीने चकत्या सरकवून गुण मिळवायचा खेळ) एकांनी विचारलंय, "जहाजाच्या डेकवरचा टाइमपास तो, त्याला कसला आलाय इतिहास?" म्हणून थोडी भर घालतो.

डेकवरचा हा खेळ फ्लोरिडात जमिनीवर उतरला तो १९१३च्या सुमारास, डेटोना बीचच्या एका हॉटेलात. पण त्याला खरं वळण लावलं फ्लोरिडातल्याच सेंट पीटर्सबर्ग शहराने. मिरर लेकजवळचा तिथला क्लब १९२४चा. थंडी चुकवायला उत्तरेकडून येणारी निवृत्त मंडळी हेच त्याचं भांडवल. भरभराटीच्या काळात सभासद हजारोंत आणि कोर्ट शंभराच्या वर. १९२८मध्ये राज्य संघटना झाली, १९३१मध्ये राष्ट्रीय.

नियमही वाटतात तेवढे पोरकट नाहीत. ५२ फुटी कोर्ट, टोकाला त्रिकोण, त्यात १०, ८, ७ गुणांची घरं. चकती रेषेला नुसती चाटली तरी गुण शून्य. त्रिकोणाच्या तळाशी 'वजा १०'चं घर, त्याला खेळाडू 'किचन' म्हणतात. आपली चकती सरकवण्यापेक्षा समोरच्याची तिथे ढकलण्यातच खरी गंमत (आणि खुन्नस!).

पुढे ती पिढी सरली, कोर्टं ओस पडली. गेल्या वीसेक वर्षांत मात्र शुक्रवारी रात्री तरुण पोरंपोरी तिथे गर्दी करू लागली. तेव्हा 'म्हाताऱ्यांचा खेळ' हा शिक्काही आता जुना झालाय.