मदत हवी आहे: दोघांच्या रक्तात ऑक्सिजन सारखाच, मग गॅस गिझरवाला बेशुद्ध का पडतो?

काचपट्टी:
अकरावीच्या मुलांसाठी श्वसनावर तक्ता करतोय. उदाहरण घेतलंय बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचं, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचं. गणित अडलंय.

१ ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिली ऑक्सिजन धरतं. १०० मिली रक्तात हिमोग्लोबिन १५ ग्रॅम आणि सॅच्युरेशन (म्हणजे किती जागांवर ऑक्सिजन बसलाय ते) ९८ टक्के धरलं तर त्यात १९.७ मिली ऑक्सिजन होतो. प्लाझ्मात विरघळलेला ०.३ मिळवला की एकूण २०. विश्रांतीत शरीर त्यातला ५ मिली काढून घेतं.

आता रक्तक्षय असलेला माणूस घ्या, हिमोग्लोबिन ७.५. त्याच्याकडे १० मिली. दुसऱ्याचं हिमोग्लोबिन १५, पण निम्म्या जागा कार्बन मोनॉक्साइडने अडवलेल्या. त्याच्याकडेही १० मिलीच. पहिला थकलेला असला तरी हिंडतोफिरतो, दुसरा कोसळतो. असं का?

शिवाय दुसऱ्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९७-९८ दिसतो म्हणे. आणि तक्त्यात मी "कार्बन डायऑक्साइडही त्याच जागी बसतो" असं लिहिलंय, तेवढं तपासून द्या.

वायुकोश:
तुमची बेरीज बरोबर आहे, पण रक्तात ऑक्सिजन किती आहे एवढ्यावर काम भागत नाही. तो पेशीपर्यंत ढकलायला दाब लागतो.

निरोगी माणसात २० मधून ५ गेले की १५ उरतात. सॅच्युरेशन ७५ टक्के, आणि त्याला नीलेतल्या रक्तात ४० मिमी पारा दाब असतो. रक्तक्षयात १० मधून ५ गेले की सॅच्युरेशन ५० टक्के आणि दाब साधारण २७. कमी आहे, पण निभतं. त्यात हृदय जास्त रक्त फिरवतं, आणि रक्तक्षय हळूहळू आलेला असेल तर तांबड्या पेशींत २,३-डीपीजी नावाचं रसायन वाढून हिमोग्लोबिन ऑक्सिजन जरा लवकर सोडायला लागतं.

कार्बन मोनॉक्साइडमध्ये हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या चार जागांपैकी एकदोन त्या वायूनेच अडवलेल्या असतात. त्यामुळे रेणूला आपण जवळपास भरलेलेच आहोत असं "वाटतं" आणि उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजन तो घट्ट धरून बसतो. याचंही गणित होतं. पेशींनी ५ मिली घेतल्यावर २५ टक्के जागांवर ऑक्सिजन आणि ५० टक्के जागांवर कार्बन मोनॉक्साइड, मिळून ७५ टक्के. दाब आणि सॅच्युरेशनच्या नेहमीच्या आलेखावर ७५ टक्क्यांना ४० मिमी दाब येतो. त्यातला ऑक्सिजनचा वाटा २५/७५, म्हणजे तिसरा भाग: सुमारे १३ मिमी. म्हणजे २७ विरुद्ध १३. मेंदू आणि हृदय तिथे हार मानतात. हा हिशेब शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांच्या नियमावर आहे. त्यांनी १८९५ मध्ये हा वायू स्वतःवर प्रयोग करून अभ्यासला होता.

तक्त्यातलं ते वाक्य मात्र खोडा. कार्बन डायऑक्साइड हीममधल्या लोहावर, म्हणजे ऑक्सिजनच्या जागी, बसत नाही, हिमोग्लोबिनच्या ग्लोबिन या प्रथिन साखळ्यांच्या अमिनो टोकांना चिकटतो, आणि तोही पाचवा भागच. सुमारे ७० टक्के बायकार्बोनेट होऊन जातो. तांबड्या पेशीत कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर ते घडवून आणतं, बायकार्बोनेट बाहेर पडतं आणि त्याच्या बदल्यात क्लोराइड आत येतं. उरलेला विरघळलेला. मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड नावाने सख्खे भाऊ वाटतात, रक्तात त्यांचा काही संबंध नाही.

तरंगलांबी:
ऑक्सिमीटर बिघडलेला नाही, त्याला दोनच रंग दिलेत: ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा अवरक्त. दोन रंगांत दोनच गोष्टी वेगळ्या ओळखता येतात, ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि न धरलेलं. कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाशात जवळपास पहिल्यासारखंच दिसतं, त्यामुळे यंत्र ते "भरलेलं" म्हणून मोजतं. त्वचाही निळी पडत नाही.

एबीजीचा, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा, साधा रिपोर्टही असाच फसवतो. फुप्फुसं ठीक असल्याने धमनीतला दाब ९५-१०० येतो, आणि काही यंत्रं त्या दाबावरूनच सॅच्युरेशनचा हिशेब छापतात. जास्त रंग वापरणाऱ्या को-ऑक्सिमीटरवर मोजलेलं कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन, बघावं लागतं. त्यासाठी शिरेतलं रक्तही चालतं.

काचपट्टी:
१३ चा हिशेब फारच आवडला. पण मग तो माणूस धापा टाकून बाहेर का पळत नाही? आणि उपचाराची एक ओळ हवी.

वायुकोश:
मानेतल्या धमनीजवळचे संवेदक विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब बघतात, साठा नाही. धमनीतला हा दाब नेहमीचा असतो, डायऑक्साइडही नीट बाहेर जातो, त्यामुळे सुरुवातीला धाप लागतच नाही. डोकं दुखतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं. घरचे म्हणतात, रिकाम्या पोटी अंघोळ केली म्हणून चक्कर आली.

करायचं ते असं: दार उघडून त्याला मोकळ्या हवेत ओढा, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, १०८ लावा. श्वास थांबला असेल तर लगेच सीपीआर. नंतर पिशवीचा नॉन-रिब्रीदर मास्क आणि मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन, बोटावर ९८ दिसत असला तरी. साध्या हवेत कार्बॉक्सीहिमोग्लोबिन निम्मं व्हायला ४-५ तास लागतात, १०० टक्के ऑक्सिजनवर तास-दीड तास. नेहमीच्या हवेच्या तिप्पट दाबाच्या (३ वातावरण) कक्षात शुद्ध ऑक्सिजन दिला तर १०० मिली रक्ताच्या प्लाझ्मात विरघळलेला ऑक्सिजनच ६ मिलीच्या आसपास जातो. तुमचे विश्रांतीचे ५ मिली हिमोग्लोबिनशिवाय भागतात! शुद्धीवर आला म्हणून विषय संपत नाही. विसरभोळेपणा, चालण्यात फरक ही लक्षणं काही दिवस-आठवड्यांनीही येऊ शकतात. गरोदर बाईला तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्याच, गर्भाचं रक्त हा वायू जास्त धरून ठेवतं.

निळी ज्योत:
तक्त्यात गिझरचाही हिशेब टाका. मिनिटाला ६ लिटरचा गिझर तासाला पाऊण ते एक किलो एलपीजी जाळतो आणि १ किलोला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. दीड बाय दोन मीटरचं, अडीच मीटर उंचीचं बाथरूम म्हणजे साडेसात घनमीटर. पंधरा मिनिटांत तिसऱ्या भागाएवढ्या हवेतला ऑक्सिजन संपतो. मग ज्योत पिवळी पडते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड सुटतो. वास येत नाही. सिलिंडरचा जो वास असतो तो न जळलेल्या गॅसमध्ये घातलेल्या मर्कॅप्टनचा.

नुसता एग्झॉस्ट फॅन लावून सुटका नाही. आत हवा यायला खाली जाळी नसेल तर गिझरचा धूर उलटा खोलीतच ओढला जातो. गिझर बाल्कनीत, गरम पाण्याचा पाइप आत, हे चित्र काढा.