आकड्यांवरून शहर आखावं का?

पादचारी
माझं मत: आखावंच. 2022 मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखमालेत 19 देशांतल्या 25 शहरांची तपासणी झाली. चालता येईल असं, निरोगी शहर घडवू, असं धोरणांत लिहिलेलं सापडलं. मोजता येईल असं उद्दिष्ट मात्र बऱ्याच ठिकाणी नव्हतं. आकडाच नसेल तर नागरिकांनी जाब कशाच्या आधारावर विचारायचा?

झाडाखाली
विरोध. आकडा ठरला की काम आकड्यापुरतंच होतं. दरडोई हरित क्षेत्र घ्या. शहराच्या कडेला मोठं जंगल असलं की सरासरी फुगते, आणि दाट वस्तीतल्या मुलांना सावलीत खेळायला जागा नसते. लावलेली रोपं मोजली जातात. तीन उन्हाळ्यांनंतर त्यातली किती जगली, हे कुणी मोजत नाही.

पादचारी
मग सरासरी सोडा, घरापासून मोजा. शहरी झाडांचे अभ्यासक सेसिल कोनायनेंडाइक यांनी 2021 मध्ये मांडलेला 3-30-300 नियम तेच करतो: प्रत्येक घरातून 3 झाडं दिसावीत, वस्तीवर 30 टक्के वृक्षछाया असावी, 300 मीटरच्या आत बाग असावी. इथे कडेचं जंगल कामी येत नाही.

नकाशेवाला
अंतर कसं मोजता, त्यावर सगळं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शहरांविषयीच्या शाश्वत विकास उद्दिष्ट 11 मध्ये बसथांबा 500 मीटरच्या आत हवा, रेल्वे स्थानक 1 किलोमीटरच्या. थांब्याभोवती वर्तुळ काढलं की आतली सगळी घरं 'सोय आहे' या रकान्यात जातात. मध्ये रूळ किंवा नाला असला तर तोच थांबा चालत दीड किलोमीटरवर पडतो. रस्त्यांच्या जाळ्यावरूनच मोजायला हवं. शिवाय दिवसातून दोनदा येणाऱ्या बसचा थांबा आणि दर दहा मिनिटांनी येणाऱ्या बसचा थांबा एकाच रकान्यात कसे बसतील?

झाडाखाली
हेच म्हणतोय. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पीएम 2.5 ची (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची) वार्षिक मर्यादा 10 वरून 5 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरवर आणली. पण जिथे मापनयंत्रच नाही, त्या वस्तीची हवा अहवालात येतच नाही.

पादचारी
ते यंत्रं वाढवण्याचं कारण झालं, मोजणं थांबवण्याचं नाही. वस्तीनिहाय आकडे उघड करा, विषमता आपोआप दिसेल.

झाडाखाली
काय मोजायचं हे ठरवतं कोण? म्हाताऱ्या माणसाला वाटेत टेकायला बाक आहे का, व्हीलचेअर पदपथावर चढते का, बाईला रात्री थांब्यावर उभं राहायची भीती वाटते का, हे यादीत कुठे आहे? आराखड्यावर हरकती मागवता, तशा आधी या यादीवर मागवा. तोवर माझा विरोध कायम.